हा आकडा माणसाचा आहे

मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या आणि तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल, असं जाहीर करून आल्या. माझ्या ओळखीच्या एका मॉरिशसकर मराठी घरात त्यानंतर आजीची ट्रंक उघडली.

कार्डासाठी मुख्य पुरावा हवा होता तो हा: घराण्यातला बोटीतून उतरलेला पहिला माणूस भारतातलाच होता. पण शोधायचा कसा? आपण आडनावावरून माग काढतो. तिथे ती सोयच नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर कारकुनाने मजुराचं नाव आणि बापाचं नाव लिहून घेतलं, आणि पुढे ते पाळण्यातलं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. मूळ आडनाव कोकणातच राहिलं. त्या एका नावाचे इसम दप्तरात ढिगाने.

ट्रंकेत दाखले निघाले, काही फ्रेंच, काही इंग्रजी, घडीवर फाटलेले. आजीच्या सासऱ्यांच्या लग्नाच्या दाखल्यात त्यांच्या वडिलांच्या नावापुढे एक आकडा होता. सगळ्यांनी तो पान क्रमांक म्हणून सोडून दिला होता. नात मात्र तिथेच अडली. दुसऱ्या एका दाखल्यात, वेगळ्या साली, वेगळ्या कारकुनाच्या हातचा, तोच आकडा!

“आजी, हा पानाचा नाही, माणसाचा आकडा आहे.”

खरंच होतं. 1834 पासून मॉरिशसमध्ये सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, उतरले. प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि तो करारापासून मरणापर्यंत सुटत नसे. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. माणसाला गुरासारखा डाग देण्याचाच हा प्रकार. पण त्याच आकड्याने आज पणतवंडांना पणजोबा सापडतो.

या मजुरांचं दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. आकडा दिला आणि ओळ मिळाली. नाव, बापाचं नाव, वय, उंची, भुवईवरचा व्रण, मुंबईहून सुटलेलं जहाज, उसाचा मळा. गावाच्या रकान्यात वेड्यावाकड्या रोमन अक्षरांत पाली.

घरात आनंदीआनंद! इतकी वर्षं गणपती बसतोय, म्हणजे बल्लाळेश्वराचीच पाली. मला फोटो आला तेव्हा मी शेजारचा रकाना वाचला: जिल्हा रत्नागिरी. बल्लाळेश्वराची पाली त्या काळी भोर संस्थानात होती. ही पाली बहुधा हातखंब्यापुढची, कोल्हापूरच्या वाटेवरची. बहुधा म्हणतो, कारण तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा पार मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता.

अर्जाला एवढं पुरेसं होतं. आजी म्हणाल्या, “कार्डाला पुरलं असेल, मला नाही.”

म्हणून कोकणातल्या वाचकांना एक विनंती. “बोटीवर गेला तो परत आलाच नाही” असा कुणी तुमच्या घरच्या जुन्या बोलण्यात असेल, तर त्याचं नाव आणि बापाचं नाव आजच लिहून ठेवा. मोका इथल्या वहीत तेवढंच जुळवून बघता येतं.