दारातलं झाड उतरवायचं, तर किती द्यायचे?

गेल्या चैत्रात, कारखान्यावरून टोळ्या परत आल्यावर, आमच्या गटाची मासिक बैठक होती. धारूर तालुक्यातलं आमचं गाव. बैठकीत एका ताईने बारा हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर दारातला कडुनिंब तोडायला. आम्ही सगळ्याच गप्प झालो. बियाण्याला, दवाखान्याला, शेळीला कर्ज दिलेलं होतं, झाड तोडायला कधी दिलं नव्हतं. आमच्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे, म्हणजे बारा हजारांना महिन्याला 240 रुपये नुसतं व्याज. वरून उसाची उचल फिटायची राहिलेली. म्हणून ठरवलं की आधी झाड बघून येऊ, मग कर्जाचं बोलू. तिथं जे शिकलो ते आज सांगतोय.

पहिला प्रश्न, झाड खरंच काढायला हवं का? झाड लहानपणापासून तिरकं वाढलेलं असेल तर भिण्याचं कारण नाही, ते तसंच उभं राहायला शिकलेलं असतं. भ्यायचं ते नव्याने कललेल्या झाडाला. वादळानंतर झुकलं आणि कललेल्या बाजूच्या उलट्या अंगाला बुडाशी माती उचलली, भेगा पडल्या, तर मुळं सुटत चाललीत असं समजा. या ताईच्या कडुनिंबाचं तेच झालं होतं, आणि तो पत्र्यांवर आला होता. अशी खूण नसेल तर पत्र्यावरच्या दोन-तीन फांद्या उतरवून भागतं, आणि ते काम फार थोड्या पैशात होतं. फक्त शेंडा छाटू देऊ नका. शेंडा मारलेल्या जागी जे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात, मोठे झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात. आपल्या बीडजवळ पालवणला फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरलं होतं, अध्यक्ष होता वड! सावलीची किंमत आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको.

आता पैशाचं. ताईला तिघांनी तीन भाव सांगितले होते. पहिला म्हणाला, बारा हजार द्या, लाकूड माझं. दुसरा म्हणाला, फुकट तोडतो, लाकूड माझं. तिसरा म्हणाला, सात हजार द्या, लाकूड तुमचं. घरच्यांना अर्थातच फुकटवाला आवडला होता.

एकाच झाडाला इतके वेगळे भाव का? कारण झाडाची किंमत लाकडात असते, आणि तोडायचा खर्च ते पडणार कुठे यात असतो. बांधावरचं झाड कटर लावून सरळ आडवं करता येतं, म्हणून तिथं व्यापारी उलट आपल्याला पैसे देतो. तेच झाड दारात असेल तर माणसाला वर चढावं लागतं, एकेक फांदी दोरखंडाला बांधून खाली सोडावी लागते, दोघं खाली दोर धरून उभे राहतात. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण आठशे ते हजार किलो भरतं. या कडुनिंबाचं नुसतं खोडच पाच-सहा क्विंटल होतं. एवढं वजन पत्र्यावर आलं तर घर उरत नाही. म्हणजे दारातल्या झाडाला मजुरी जास्त लागते हे खरं, त्यात लुबाडणं नाही.

पण लाकडाचा हिशोब आपण करत नाही, आणि नुकसान तिथंच होतं. वखारीत खोड चौथाई घेराने मोजतात. छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, दोरीने घेर घ्यायचा. ताईच्या झाडाचा घेर सहा फूट भरला. त्याचा चौथा भाग दीड फूट. दीड गुणिले दीड, सव्वादोन. फांद्या फुटेपर्यंत सरळ खोड आठ फूट होतं. सव्वादोन गुणिले आठ, अठरा घनफूट. या रीतीत खरं लाकूड पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच कमी धरलं जातं, साल आणि कापण्यातली घट म्हणून. त्यामुळे आणखी घट मागणाऱ्याला ऐकवता येतं की घट आधीच धरलीय.

समजा, दारातून उचलून नेताना घनफुटाला तीनशे मिळाले, तर अठरा घनफुटांचे 5,400 झाले. आता ते तीन भाव पुन्हा बघा. बारा हजारवाल्याला खरे 17,400 जात होते. फुकटवाला 5,400 चं लाकूड नेत होता, आणि पत्रे फुटले तर कोण भरणार यावर बोलतच नव्हता. सात हजारवाल्याला सात द्यायचे, लाकडाचे 5,400 परत यायचे, म्हणजे पडणार सोळाशे, वर फांद्यांचं सरपण घरातच राहणार. फुकट सगळ्यात स्वस्त नव्हतं! आमच्यातल्या एका आजींनी हिशोब दोनदा करायला लावला, मग मान्य केलं.

तुमच्याकडे दर वेगळे असतील. दोन वखारींत विचारा, आणि भाव ठरेपर्यंत इसार घेऊ नका.

कायद्याचंही बघावं लागतं. महाराष्ट्रात 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, फणस, खैर, अंजन, चंदन अशी झाडं आहेत. ती आपल्या स्वतःच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज कुठल्या कार्यालयात द्यायचा ते तलाठ्याला विचारा. कडुनिंब त्या यादीत नाही, तरी आम्ही तलाठ्याला विचारूनच पुढं गेलो. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावसारख्या नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या बहिणींना 1975 चा वेगळा कायदा लागू आहे. तिथं आधी पालिकेची परवानगी, आणि 2021 पासून तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट.

अर्जाला जागेचा कागद लागतो. शेतातलं झाड असेल तर सातबारा, गावठाणातल्या घराचा नमुना आठ. बायांनो, इथं आपलं घोडं अडतं, कारण त्यावर आपलं नाव नसतं. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून आपण चार-पाच महिने फडात असतो. मागे भाऊबंदांपैकी कुणी चिंच विकून टाकली तर आपण कोणत्या कागदावर भांडणार? नमुना आठवर नवऱ्यासोबत आपलंही नाव लावून घेता येतं. ग्रामपंचायतीत अर्ज द्या. हे काम झाडाच्या आधीचं आहे.

गुत्तं देताना आम्ही गटाच्या ठराव वहीतच लिहून घेतलं: रक्कम किती, लाकूड कुणाचं, फांद्या कोण आवरणार, पत्रा किंवा भिंत फुटली तर कोण भरणार. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर. सही त्याची आणि ताईची, साक्षीला आम्ही दोघी.

जवळून विजेची तार जात असेल तर ती बंद झाल्याशिवाय कुणालाही झाडावर चढू देऊ नका, मग चढणारा कितीही धीट असो. ओल्या फांदीतून वीज उतरते. महावितरणच्या गावच्या कार्यालयात अर्ज द्या किंवा 1912 वर फोन करा. आम्हाला चार दिवस थांबावं लागलं आणि गुत्तेदार कुरकुरला. कुरकुरू दिला. आणि झाडावर आग्या मोहोळ आहे का तेही आदल्या दिवशी नीट बघा.

बुडखा उपटायला जेसीबी बोलवायचा विचार होता. त्याचं भाडं तासावर असतं, आणि भिंतीलगतची मुळं ओढली की भिंतही हलते. बुडखा तसाच ठेवला.

दोन दिवसांत झाड उतरलं. एक पत्रा चेपला, तो गुत्तेदाराने बदलून दिला. खोडाला एका बाजूने वाळवी लागलेली निघाली, म्हणून वखारवाल्याने 260 चा भाव लावला. अठरा घनफुटांचे 4,680 आले. ताईच्या पदरचे गेले 2,320. कर्ज बाराऐवजी सात हजार घेतलं होतं, त्यातले साडेचार हजार तिने त्याच आठवड्यात परत भरले. सरपण दिवाळीपर्यंत पुरलं. पावसाळ्यात बुडख्याला फुटवे आले, ते सध्या तिच्या शेळ्या खातायत.