घरकुल मंजूर, पण जागेचा कागद कुठे? आपल्या वस्तीला हव्या असलेल्या वकिलाविषयी

घरकुलाच्या यादीत नाव लागते. घरात आनंद होतो, नातेवाइकांना फोन जातात. मग ग्रामसेवक विचारतात, "जागेचा उतारा आहे का?" आणि काम तिथेच अडते. कारण घर ज्या जागेवर आहे ती ई-क्लास. आजोबांनी तिथे झोपडी टाकली, वडिलांनी कुडाच्या भिंती काढून विटांच्या केल्या, पण कागद कुणीच केला नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट नवीन नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार, आणि त्यात बौद्ध साधारण सातात एक. यातील बहुतेक कुटुंबे खेड्यात राहतात, आणि पुष्कळांची वस्ती गावाच्या कडेला, गावठाण संपते तिथे आहे. म्हणून घराचा प्रश्न आपल्याकडे आधी जागेचा प्रश्न असतो, आणि जागेचा प्रश्न हा कागदाचा.

मोर्चा काढणारे कार्यकर्ते आपल्याकडे आहेत. अत्याचाराच्या खटल्यात उभे राहणारे वकीलही आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण भांडण कोर्टात जाण्याआधीच कागद नीट करून देणारा वकील आपल्या वस्तीत क्वचित दिसतो. त्या वकिलाचे काम काय असते आणि तो आपल्याला कसा मिळवता येईल, हे या लेखात सांगायचे आहे.

एक वकील, तीन टेबले

अमेरिकेत परवडणारी घरे, सेवाभावी संस्था आणि वस्तीचा विकास या कामाची वकिलीची वेगळी शाखाच आहे. तिथल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेत, अमेरिकन बार असोसिएशनमध्ये, या विषयाचा स्वतंत्र मंच आहे. हे वकील फारसे खटले लढत नाहीत. जमीन कुणाच्या नावे राहील, संस्था कशी नोंदवायची, सरकारी पैसा कोणत्या अटीवर घ्यायचा, हे ते ठरवून लिहून देतात.

आपल्याकडे हेच काम तीन टेबलांवर विखुरलेले आहे. जागेसाठी तहसील कार्यालय, घरकुलासाठी ग्रामपंचायत आणि पंचायत समिती, आणि विहाराच्या किंवा मंडळाच्या नोंदणीसाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. महसुलाचे काम करणारा वकील वेगळा, धर्मादायचे काम करणारा वेगळा. माणूस मात्र एकच असतो, आणि मजुरी बुडवून तो तिन्ही ठिकाणी फिरतो. ही तिन्ही टेबले एकत्र पाहणारा वकील आपल्याला हवा आहे.

घराचा कागद

पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असणे उपयोगाचे आहे, ताब्याचा तो पुरावा आहे. पण एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. "आमच्या नावावर आठचा उतारा आहे" म्हणून निश्चिंत बसलेल्या कुटुंबांना हे आधीच सांगायला हवे.

दुसरी गोष्ट, घर गावठाणात असेल तर काम तुलनेने सोपे आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घराची सनद व मालमत्ता पत्रक मिळते. मोजणीच्या वेळी आपले घर कुणाच्या नावाने दाखवले जाते, याकडे लक्ष ठेवायचे. चूक असेल तर चौकशी चालू असतानाच लेखी हरकत द्यायची. पत्रक निघाल्यावर तीच दुरुस्ती कितीतरी अवघड होते. पती-पत्नी दोघांचीही नावे लागतील, असा आग्रह धरायचा. नवरा गेल्यावर घराबाहेर काढलेल्या भगिनी कमी नाहीत.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण ई-क्लासची, म्हणजे गावठाणाबाहेरच्या सरकारी जमिनीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० प्रमाणे सरकारी जमिनीवरील अतिक्रमण काढता येते, तर कलम ५१ प्रमाणे ते नियमित करता येते. ग्रामविकास विभागाच्या १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने ग्रामीण भागात राहण्यासाठी केलेली, १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट दाखवली. शेतीसाठीच्या गायरानाबाबत याआधी २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय होता. त्यात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे घेतली होती.

या दोन्ही निर्णयांत सगळे एका तारखेवर ठरते. आपण तिथे केव्हापासून आहोत, हे दाखवता आले पाहिजे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. त्यात आपले नाव कोणत्या साली आले, याची नक्कल काढून ठेवा. जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, हे सारे एका फाइलीत लावा. वकील आला तरी तो हेच मागणार आहे.

गायरान असेल तर आणखी एक निकाल माहीत हवा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने पट्टे दिले असतील, किंवा त्या जमिनीवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानावरील घरांना नोटिसा निघाल्या, तेव्हा आपल्या वस्त्यांत घबराट झाली. निकालाचा पहिला भाग सर्वांपर्यंत पोहोचला होता, अपवादाचा भाग फार थोड्यांना माहीत होता.

नोटीस आली तर ती नाकारू नका. तारीख टाकून घ्या, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि उत्तराच्या प्रतीवर पोच घ्या. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि त्याची साधारण मुदत ६० दिवसांची आहे. नेत्याच्या भेटीची वाट पाहण्यात हे ६० दिवस निघून जातात. मग बाजू खरी असूनही आधी उशीर का झाला याचेच उत्तर देत बसावे लागते.

जागा विकत घेताना

ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. सुरुवातीला ५० हजारांपर्यंत असलेली मदत पुढे १ लाखापर्यंत वाढवली गेली. पण अर्धा-एक गुंठा शेतजमीन घ्यायला गेलो की तुकडेबंदी कायदा आड येतो. मग लोक बॉण्डपेपरवर लिहून घेतात, पैसे देतात आणि जागा आपली झाली असे समजतात. कायद्याने तशी जागा आपली होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खरेदीखतानेच विकता येते. घरकुलाच्या लाभार्थ्यांना लहान तुकडा घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट २०२४ मध्ये मोकळी झाली आहे. ती परवानगी आधी घ्यायची आणि पैसे नंतर मोजायचे, एवढे एक वाक्य वेळेवर सांगणारा कुणी असता तर कितीतरी घरांचे पैसे वाचले असते.

विहाराचा कागद

घराची जी गत, तीच विहाराची. कुणा उपासकाने श्रद्धेने जागा दिली, सर्वांनी वर्गणी काढून विहार बांधले, बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दानाचा कागद मात्र झाला नाही. उपासक गेले, त्यांच्या नातवांची वाटणी झाली आणि सातबाऱ्यावर त्यांचीच नावे राहिली. उद्या त्यांनी जागा विकायला काढली तर आपण काय दाखवणार? म्हणून जागेचे दान घ्यायचे ते नोंदणीकृत दानपत्राने, दोन साक्षीदारांच्या सहीने, आणि एका व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे.

संस्थेसाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागते, आणि अनेक संस्थांचे कायदेशीर आयुष्य तिथेच थांबते. पुढची कामे अशी:

- विश्वस्त बदलले, कुणाचे निधन झाले, नवीन निवड झाली, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा.
- दरवर्षी हिशेब तपासून घेऊन लेखापरीक्षण अहवाल द्यायचा.
- संस्थेने घेतलेली जागा धर्मादायच्या नोंदवहीत लावून घ्यायची.
- न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा दान द्यायची असेल, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची.

बदल अर्ज वर्षानुवर्षे दिला नाही तर कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगत माणसांचीच नावे राहतात. बँक खाते अडते, शासनाचा निधी अडतो. आणि निवडणुकीवरून दोन गट पडले की दोघेही "आम्हीच खरे विश्वस्त" म्हणत भांडतात. आपल्या संस्थांतली कितीतरी भांडणे तत्त्वाची म्हणून गाजली, पण त्यांचे मूळ न दिलेल्या बदल अर्जात होते, असे आम्हाला स्पष्ट म्हणावेसे वाटते. कलम ३६ मात्र आपल्या बाजूचे शस्त्र आहे. कुणी विश्वस्त परस्पर जागा विकत असेल, तर हे कलम दाखवून त्याला थांबवता येते.

बाबासाहेबांनी कागद सोडला नाही

कागदपत्रांचे काम म्हणजे चळवळीपेक्षा कमी दर्जाचे, असा एक समज आपल्या तरुणांत आहे. बाबासाहेबांचे आयुष्य त्याच्या उलट साक्ष देते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, ती १८६० च्या कायद्याखाली नोंदवूनच. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५५ ची भारतीय बौद्ध महासभा, या दोन्ही संस्थाही त्यांनी रीतसर उभ्या केल्या.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पण डिसेंबर १९२७ मध्ये विरोधकांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला, आणि तळे खासगी मालकीचे असल्याचे म्हटले, हे आपण कमी सांगतो. म्हणजे पाण्याचा प्रश्नही शेवटी मालकीच्या पुराव्यावर आला. बाबासाहेबांनी रस्त्यावरचे पाऊल थांबवले आणि तो दावा लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. नऊ वर्षांहून जास्त काळ कागद धरून बसण्याची ही चिकाटीसुद्धा महाडचाच वारसा आहे.

वकिलाची फी परवडत नाही, मग?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिलांनाही तोच हक्क आहे. १९९० पासून बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झालेला आहे. तेव्हा जातीचा दाखला जवळ ठेवा आणि अर्ज करा. बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

ही सेवा फक्त खटल्यापुरती नाही. कायद्यातील व्याख्येत कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे हेही येते, आणि न्यायालयाखेरीज इतर प्राधिकरणांपुढचे कामही येते. म्हणून तहसीलच्या नोटिसीचे उत्तर किंवा दानपत्राबद्दलचा सल्ला मागायलाही तिथे जाता येते. शिवाय प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमून त्यांना प्रशिक्षण देते. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. आपल्या गावातून एक मुलगा आणि एक मुलगी या कामासाठी पुढे यायला हवी.

या वर्षावासात एवढे करू

वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होते. त्यातला एक रविवार कागदांसाठी ठेवू. विहाराच्या जागेचा उतारा, नोंदणी प्रमाणपत्र, शेवटचा बदल अर्ज आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल समोर मांडू. वस्तीतल्या प्रत्येक घराची एक फाइल करू. जे कमी आहे त्याची यादी घेऊन विधी सेवा समितीकडे एकत्र जाऊ.

आणि एलएलबी करणाऱ्या आपल्या भावंडांना एक विनंती. तुमच्यापैकी काहींनी तरी काही वर्षे महसूल, घरकुल आणि धर्मादाय ही तीन टेबले शिकून घ्यावीत. या कामात मथळे होत नाहीत, टाळ्याही मिळत नाहीत. पण नोटीस आली त्या रात्री एखाद्या आजीला शांत झोप लागेल, कारण तिच्या ट्रंकेत तुम्ही लावून दिलेली फाइल असेल.

जय भीम!