केस गळतात, दोष पाण्याचा?

हळर्ण परिसरातील वयस्क स्त्रिया केस गळण्याची तक्रार घेऊन येतात, तेव्हा निदान बहुधा त्यांनी स्वतःच केलेले असते : ‘डॉक्टर, पाणी बाधलं.’ विहीर सुटली, नळ आला, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो, म्हणून केस गेले, असा हा तर्क. अबोलीची फाती माळण्याइतका अंबाडा उरू नये, हे दुःख साठीनंतरही लहान नसते. म्हणून या तर्काचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

परिसरातील द्रव्यांमुळे केस जाऊ शकतात, हे खरे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत तीन-चार दिवसांतच माणसांना टक्कल पडू लागले. रुग्णसंख्या अडीचशेच्या वर गेली. तेथेही पहिला संशय पाण्यावरच आला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आढळले. ते रेशनच्या गव्हातून आले, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. अल्प मात्रेत आवश्यक असलेले हे मूलद्रव्य अधिक झाले, की केस व नखे यांतील गंधकाची जागा घेऊन त्यांची बांधणी दुबळी करते. एप्रिल २०२५ मध्ये तेथील काही रुग्णांची नखेही गळाली.

यातून एक कसोटी मिळते. अन्नपाण्यातील विषाने होणारी गळती घरोघरी, वयाचा वा लिंगाचा भेद न करता दिसते. मुलगा, सून, नातवंडे तेच पाणी पितात आणि केस मात्र एकट्या आजींचेच गळतात, तेव्हा नळावरील आरोप सहसा टिकत नाही. क्लोरीनने केस रुक्ष होतील. मुळापासून जाणार नाहीत. अशा वेळी दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप वा शस्त्रक्रिया, थायरॉईडचा विकार, लोहाची कमतरता, नवे औषध आणि रजोनिवृत्तीनंतर रुंदावणारा भांग यांचा विचार करावा.

एका विकाराबाबत मात्र उशीर परवडत नाही. ‘फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया’मध्ये कपाळावरील केसांची रेषा मागे सरकते आणि भुवया विरळ होतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांत त्याचे प्रथम वर्णन केले. चेहऱ्यास लावून ठेवावयाच्या क्रीमशी, विशेषतः सनस्क्रीनशी, त्याचा संबंध असावा असा संशय आहे. तो सिद्ध झालेला नाही. येथे केसांचे मूळच व्रणाने नष्ट होते आणि गेलेले केस परत येत नाहीत. वेळीच उपचार केल्यास उरलेले वाचविता येतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो : घरात, शेजारी आणखी कोणाचे केस गळतात? उत्तर ‘होय’ असेल, तर घरातील धान्य व पाणी यांचे नमुने राखून आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. ‘नाही’ असेल, तर पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी रक्त तपासावे, आणि आरशासमोर उभे राहून कपाळ व भुवया नीट पाहाव्यात.