पट्टीवरचं बारीक नाव

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला. गाडी चालवण्याचा हुबेहूब आभास देणाऱ्या यंत्रात ४० जणांना बसवलं गेलं. सगळे परवानाधारक चालक, आणि सगळ्यांना परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे होणाऱ्या हंगामी सर्दीचा त्रास. प्रत्येकाची चार वेगवेगळ्या वेळी चाचणी झाली. एकदा डायफेनहायड्रामिन हे जुनं अँटीहिस्टामिन दिलं, एकदा फेक्सोफेनाडिन हे नवं, एकदा मद्य, आणि एकदा औषधाचा अंशही नसलेली नुसती गोळी. मद्य थोडंथोडकं नव्हतं. रक्तातलं त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास जाईल इतकं होतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त.

२००० साली या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. पुढच्या गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळवत राहणं, ही त्यातली मुख्य कसोटी होती. तिच्यात सगळ्यांत वाईट कामगिरी डायफेनहायड्रामिन घेतल्यावर झाली, मद्य घेतल्यावर नव्हे. अचानक आडव्या आलेल्या गाडीला पाहून ब्रेक दाबायला सर्वाधिक वेळ मात्र मद्य घेतल्यावरच लागला, हेही सांगायला हवं. नाहीतर कुणी तेवढ्यावरच खूश व्हायचा. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांची गाडी नुसती गोळी घेतलेल्यांसारखीच चालली.

मला या प्रयोगातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ‘झोप येतेय का?’ असंही या चालकांना विचारलं होतं. त्यांच्या उत्तरांवरून त्यांचा वेग किती बिघडेल, याचा अंदाज बांधता आला नाही. म्हणजे ‘मला नाही बुवा त्या गोळीनं झोप येत’ हे आपलं नेहमीचं वाक्य खरं असू शकतं, आणि तरीही आपली गाडी पांढरा पट्टा ओलांडत असू शकते.

गोळी नाकासाठी घेतलेली असते, मग हात-डोळे का बिघडतात? कारण हिस्टामिन नाकापुरतं नाही. धूळ, परागकण, एखादा खाद्यपदार्थ असं काही शरीराला खुपलं, की त्वचेतल्या आणि नाकाच्या अस्तरातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. ते तिथल्या पेशींवरच्या ग्राहींवर (रिसेप्टरांवर) जाऊन बसतं आणि मग शिंका, पाणी, खाज, गांधी हे सगळं सुरू होतं. पण हेच हिस्टामिन मेंदूतही आहे आणि तिथे त्याचं काम आपल्याला जागं, सावध ठेवण्याचं आहे. अँटीहिस्टामिन हिस्टामिनला नष्ट करत नाही. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवावी, तसं ते ग्राही अडवून ठेवतं. म्हणूनच शिंकांचा भडिमार सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा, त्रास होणार हे ठाऊक असताना आधी घेतलेली गोळी अधिक कामाला येते. आणि म्हणूनच हे औषध मेंदूत शिरलं, की तिथली जागेपणाची जागाही अडते.

जुन्या पिढीतली सगळी औषधं मेंदूत सहज शिरतात. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टाउब यांनी पहिलं अँटीहिस्टामिन शोधलं. माणसाला देण्याइतकं ते सुरक्षित नव्हतं, पण वाट सापडली. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. दरम्यान १९४०च्या दशकात डायफेनहायड्रामिन आणि प्रोमेथाझिन आले. प्रोमेथाझिनची गुंगी इतकी ठळक होती, की त्याच रासायनिक घराण्यात शोध घेताना फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हाती लागलं आणि मनोविकारांच्या उपचारांचं चित्र पालटलं. सर्दीच्या औषधाचा मेंदूवरचा परिणाम किरकोळ समजणाऱ्यांनी हा नातेसंबंध लक्षात ठेवावा.

पुढची सगळी धडपड औषध मेंदूबाहेर ठेवण्याची होती. ती टर्फेनाडिननं साधली आणि ते जगभर खपलं. मग कळलं, की यकृतातलं एक विकर (एन्झाइम) या औषधाचं झटपट रूपांतर करतं. एरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनाझोल अशा औषधांनी, अगदी ग्रेपफ्रूटच्या रसानंही, ते विकर अडलं, तर मूळ औषध रक्तात साचून हृदयाची लय बिघडवतं. त्यातून मृत्यू झाले. १९९८मध्ये टर्फेनाडिन अमेरिकी बाजारातून गेलं. त्याच्या जागी आलं फेक्सोफेनाडिन, म्हणजे टर्फेनाडिनपासून यकृत जे बनवतं तेच, आधीच बनवून दिलेलं. हृदयाचा धोका गेला, गुंगीही नाही. एक गंमत उरलीच: संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर फेक्सोफेनाडिन घेतलं, तर ते आतड्यातून कमी शोषलं जातं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅसिडिटीच्या औषधांनीही तसंच होतं. तेव्हा नागपूरकरांनीसुद्धा ही गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

आता आपल्या मेडिकलच्या काउंटरवर येऊ. ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटल्यावर हातात काय पडेल, हे नशिबावर असतं. क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन (म्हणजे घरोघरी ठाऊक असलेली अ‍ॅविल), डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी पिढी. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन ही नवी. प्रवासात गाडी लागू नये म्हणून घेतात त्यातल्या काही गोळ्याही प्रोमेथाझिनच्याच असतात. घाटात मागच्या सीटवर बसणाऱ्यानं ती घेतली तर डुलकी लागेल, एवढंच. चालकानं घेता कामा नये.

सेट्रिझिन नव्या पिढीतलं असलं, तरी पूर्ण निर्दोष नाही. चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे १४ टक्के लोकांना पेंग आली. नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. ज्याला ते लागू पडतं त्याला पडतं, पण पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी, घरी असताना घेऊन पाहावी. जुन्या पिढीची गोळी ‘रात्री घेतली की सकाळपर्यंत उतरते’ हाही भ्रमच. क्लोरफेनिरामीन रक्तात निम्म्यावर यायला मोठ्या माणसात वीसेक तास लागू शकतात. सकाळी स्कूटरला किक मारताना ते अंगात असतंच. मद्य, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामकं यांच्या जोडीला तर कुठलंही गुंगीचं अँटीहिस्टामिन नको.

खरा घोळ होतो तो मिश्रणांत. सर्दी-तापाच्या एका गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन किंवा सेट्रिझिन, आणि फेनिलएफ्रिन असे तिघे बसलेले असतात. ती घेतल्यावर ताप उतरला नाही म्हणून वर पॅरासिटामॉल, खोकल्यासाठी डायफेनहायड्रामिनचं सिरप आणि खाजेसाठी अ‍ॅविल, असं करणारी माणसं सावध स्वभावाचीच असतात. त्यांच्या हिशेबानं त्यांनी चार वेगळी औषधं घेतली. शरीराच्या हिशेबानं पॅरासिटामॉल दोनदा आणि अँटीहिस्टामिन तीनदा. आणि त्या मिश्रणातलं फेनिलएफ्रिन? तोंडावाटे घेतल्यास चोंदलेलं नाक उघडायला त्याचा उपयोग होत नाही, असं अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३मध्ये एकमतानं सांगितलं. लेव्होसेट्रिझिनबरोबर माँटेलुकास्ट असलेली गोळी तर आपल्याकडे फुटाण्यांसारखी खपते. माँटेलुकास्टमुळे काही जणांत वाईट स्वप्नं, नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, असा सर्वांत कडक इशारा त्याच प्रशासनानं २०२०मध्ये छापायला लावला. ही गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नसते.

साधी विषाणूची सर्दी असेल, तर अँटीहिस्टामिनचा फायदा मुळात फारच थोडा. त्या सर्दीत हिस्टामिन हा मुख्य खलनायक नसतो. जुन्या गोळीनं नाक जरा कोरडं पडतं, ते तिच्या दुसऱ्याच एका परिणामामुळे: ती अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचंही काम अडवते. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं हेही त्यामुळेच. तरुणाला हे चालून जातं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी मात्र तुंबू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. वयस्कर माणसं रात्री उठताना तोल जाऊन पडतात, कधी असंबद्ध बोलू लागतात आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे आजीचं डोकं फिरलं. वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची जी यादी अमेरिकेतले वार्धक्यतज्ज्ञ वेळोवेळी काढतात, तिच्यात जुन्या पिढीतली अँटीहिस्टामिनं आहेत. झोप लागावी म्हणून ती रोज घेणं तर साफ चूक. तीन-चार दिवसांत झोपेचा परिणाम ओसरू लागतो, बाकीचा त्रास राहतो. मूत्रपिंड कमजोर असेल, तर सेट्रिझिनचाही डोस कमी करावा लागतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा, गरोदरपणातही त्यांनीच.

लहान मुलांच्या बाबतीत मी कुठलीच सूट द्यायला तयार नाही. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रिनचं ठरावीक मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये काढला. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्या मृत्यूंचं कारण अँटीहिस्टामिन नव्हतं. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं आणि ते मूत्रपिंडावर उठलं. पण ते सिरप होतं याच मिश्रणाचं, ज्याची इतक्या लहान मुलांना बहुधा गरजच नसते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंत ती सहसा नकोतच. प्रवासात पोर गप्प झोपावं म्हणून प्रोमेथाझिन देणारे आईबाप आहेत. दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास त्यानं मंदावून जीव जाऊ शकतो. काही मुलं उलट झोपण्याऐवजी चेकाळतात, तेही याच औषधानं.

खाज सुटली, की अँटीहिस्टामिन हाही सवयीनं केला जाणारा उपाय. अंगावर पित्त उठतं, तेव्हा तो योग्यच आहे, कारण त्या गांधी हिस्टामिनच्याच असतात. आमसुलाच्या पाण्यानं बरं वाटत असेल तर जरूर घ्या, पण गोळी नव्या पिढीतली निवडा. नायटा आणि खरूज यांची गोष्ट निराळी. गोळीनं खाज थोडी दबते. बुरशी आणि खरजेचे किडे मात्र मजेत वाढतात, घरात पसरतात. गाजर गवताचंही तेच. १९५५च्या सुमाराला पुण्यात या परदेशी तणाची नोंद झाली आणि तिथून ते देशभर माजलं. ते उपटणाऱ्यांच्या मानेवर, हातांवर, पापण्यांवर जो इसब उमटतो, तो प्रतिकारशक्तीच्या वेगळ्याच पेशींमुळे, आणि बऱ्याचदा एक-दोन दिवस उशिरा. अँटीहिस्टामिन तिथे फार तर रात्रीची झोप देतं. उपाय त्वचारोगतज्ज्ञाकडे आहे, आणि गवतापासून दूर राहण्यात.

एका प्रसंगी मात्र गोळी शोधत बसणंच जिवावर बेततं. गडावर आग्या मोहोळ उठतं, कुणाला शेंगदाण्याची किंवा इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी येते. ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर यांतलं काही अंगावरच्या गांधींबरोबर दिसलं, तर ती साधी अ‍ॅलर्जी राहिलेली नाही. तिथे औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रिनालिन. ते उतरलेला रक्तदाब वर आणतं, आवळलेली श्वासनलिका मोकळी करतं. अँटीहिस्टामिन यातलं काहीच करत नाही, आणि गोळीचा परिणाम दिसायला तासभर लागतो. तेवढा वेळ हातात नसतो. माणसाला आडवं झोपवा, धाप असेल तर बसतं ठेवा, उभं करू नका, आणि १०८ला फोन करा.

रोजच्या रोज, महिनोन्‌महिने सेट्रिझिन घेणाऱ्यांसाठी एक नवी माहिती आहे. ते एकदम बंद केल्यावर काहींना अंगभर असह्य खाज सुटते, असं अमेरिकी औषध प्रशासनानं मे २०२५मध्ये जाहीर केलं. जगभरातून आलेल्या अशा २०९ नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. लेव्होसेट्रिझिनलाही हे लागू आहे. लोक ही खाज मूळ अ‍ॅलर्जीच समजतात आणि गोळी पुन्हा सुरू करतात. असं झालं, तर डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू कमी करत बंद करावा.

आपल्याकडे विनाचिठ्ठी विकायच्या औषधांची वेगळी कायदेशीर यादी नाही. उलट औषध नियमांच्या ‘जी’ परिशिष्टात अँटीहिस्टामिनांची नावं आहेत, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणं धोक्याचं, असा इशारा वेष्टनावर असावा लागतो. तो इंग्रजीत असतो, मुंगीच्या पावलांएवढा असतो, आणि दुकानदारानं दोन गोळ्या कापून दिल्या की पट्टीचा तेवढा तुकडा दुकानातच राहतो. त्याबरोबर औषधाचं नाव आणि मुदतीची तारीखही. तेव्हा दोनच गोळ्या हव्या असल्या, तरी नाव असलेला भाग कापून मागा. तो मिळाला नाही, तर मोठ्या अक्षरातल्या ब्रँडखालचं बारीक नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून घ्या, आणि घरात आधीपासून चालू असलेल्या औषधांची नावं काउंटरवर सांगा. मोबाइलमध्ये त्या पट्ट्यांचा फोटो असला, तर आणखी बरं.