एक बाजू संपेपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परवा माझा पुतण्या मोबाईलवर गाणी ऐकत बसला होता. एक गाणं अर्धं झालं की बोटानं पुढं सरकवायचा. दुसरं सुरू झालं की त्याचंही तेच. मी त्याला म्हणालो, "अरे, एखादा अल्बम तरी पुरता ऐक." त्यानं विचारलं, "चाचा, अल्बम म्हणजे लग्नातल्या फोटोंचा ना?"

मी हसलो, पण पोरगं फारसं चुकलेलं नव्हतं. गाण्याच्या अल्बमचं नाव फोटोंच्या अल्बमवरूनच पडलेलं आहे. जुन्या काळी 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. कोलकात्यात 1902 साली गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा त्यांना ख्याल एवढ्याच वेळात बसवावा लागला. मोठी रचना विकायची तर चार-सहा तबकड्या लागायच्या. त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत, एका पानाआड एक अशा घालून देत. ती वही म्हणजे अल्बम. पुढे 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले रेकॉर्ड आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि अख्खी वही एका तबकडीत आली. फिलिप्सनं 1963 साली कॅसेट काढली आणि संगीत खिशात मावू लागलं.

आमच्या पोखर्णीला मात्र ते खिशातून नाही, वडिलांच्या शिलाईच्या दुकानातून आलं. परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन लागतं, तेच आमचं गाव. नृसिंहाच्या देवळामुळं लोकांना ते ठाऊक असतं. अब्बांनी 1985 च्या सुमारास टू-इन-वन घेतला, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच. मशिनीशेजारच्या फळीवर तो ठेवला आणि एक नियम घातला. कॅसेट लावली की एक बाजू संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

या नियमामागे कलेचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पुढं-मागं पळवलं की रीळ गुंतायचं, आणि मग पेन घालून ते फिरवत बसावं लागायचं. शिवाय अब्बांचे दोन्ही हात कापडात गुंतलेले. पण या नियमानं माझा कान घडवला. न आवडलेलं गाणंही ऐकावं लागलं, आणि चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना तेच आवडू लागलं. एका गाण्यानंतर दुसरं तेच का ठेवलं असेल, हा प्रश्न मला तिथं पडला. आज जी मतं सांगतो आहे ती एका साध्या श्रोत्याची आहेत. मी कवी आहे, गवई नाही.

क्रम म्हणजे काय हे पहिल्यांदा समजलं ते 'कॉल ऑफ द व्हॅली'मुळं. हा 1967 सालचा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात मांडला आहे. पहाटेच्या अहिरभैरवपासून निघून पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत जायचं. संतूरच्या तारेवर काडी पडली की स्वर ठिबकतो, बासरीत तो वाहतो, आणि काबरा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवरून सळई सरकवत, त्यामुळं ती या दोघांच्या मधली वाट धरते. तिन्ही वाद्यं एकमेकांना जागा देतात. माझी तक्रार एवढीच, की हे खोरं फार स्वच्छ आहे. आमच्या दुधनाकाठच्या मेंढपाळाच्या पायाला धूळ असते आणि उन्हाळ्यात तो पाण्यासाठी मैलोगणती जातो. तो दिवस या अल्बममध्ये नाही.

तो दिवस मला 'जैत रे जैत'मध्ये सापडला. जब्बार पटेलांचा 1977 चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांचे शब्द. महानोर आमच्या मराठवाड्याचे, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेडचे. 2023 साली ते गेले. चित्रपट सह्याद्रीतल्या ठाकरांचा आहे, पण शब्दांना आमच्या रानाचा वास येतो. शेतात वावरलेल्या माणसाची बोली कवितेत येऊ शकते, तिला शहरातले कपडे घालावे लागत नाहीत, हे धैर्य मला त्या गाण्यांनी दिलं. या गाण्यांतलं एखादंच वेचून ऐकलं तर ते नुसतं गोड लागतं. सलग ऐकलं तर डोंगर, मधमाशा आणि माणसं यांचं वैर आणि प्रेम दोन्ही कळतं.

आता अभंग. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी आणि लताबाईंचे 'अभंग तुकयाचे' या दोन कॅसेटी आमच्या दुकानात आलटून पालटून वाजत. दुसरीचं संगीत श्रीनिवास खळ्यांचं. लताबाईंच्या गळ्यात तुकोबांचा एकेक शब्द काचेसारखा स्पष्ट दिसतो. नवीन माणसानं अभंग ऐकायला इथूनच सुरुवात करावी. पण मला कधी कधी वाटतं, तुकोबांच्या कपाळावरचा घाम तिथं कुणी तरी पुसून घेतला आहे. भीमसेनजींच्या गाण्यात तो घाम आहे. ते एका शब्दाला धरतात, हलवतात, सोडतात, पुन्हा धरतात. शब्द थोडा चुरगळतो खरा, पण त्यातली हाक ऐकू येते. गदगच्या मुलखात जन्मलेल्या, मायबोली कानडी असलेल्या या माणसानं मराठी संतांना घरोघरी नेलं. घरात दखनी बोलणाऱ्या आणि मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यानं किती धीर आला असेल, ते सांगायला नको.

ही अभंगाची कॅसेट आम्ही नृसिंह जयंतीच्या यात्रेत घेतली होती. गाड्यावरच्या माणसानं अब्बांची टोपी पाहिली आणि सहज म्हणाला, "मामू, कव्वालीच्या कॅसेटी तिकडल्या अंगाला हाईत." अब्बांनी हातातली कॅसेट खाली ठेवली नाही. म्हणाले, "विठोबाचे पैसे आम्हाला जास्त लागतेत का?" तो माणूस ओशाळला आणि दोन रुपये कमी घेतले. इकडं नात्यातले एक बुजुर्ग दुकानात आले, अभंग ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. अब्बांनी त्यांनाही वाद घातला नाही. "बाजू संपू द्या, मग बोलू," एवढंच म्हणाले. बाजू संपेपर्यंत तेही मान डोलवत होते असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ते उठून गेले. पण पुढच्या ईदला कपडे शिवायला आमच्याकडंच आले.

खरं सांगायचं तर आम्हाला असं वेगळं निवडायची सवयच नव्हती. प्रल्हाद शिंदे यांचंच बघा. विठ्ठलाची गाणी त्यांची, भीमगीतं त्यांची आणि कव्वालीही त्यांचीच. तोच गळा, तीच खडी फेक. सकाळी देवळाच्या कर्ण्यावर तो आवाज आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मांडवात तोच. त्यांच्या कॅसेटींवर माझा आक्षेपही आहे. वाद्यमेळ घाईघाईनं उरकल्यासारखा वाटतो, चाली एकमेकींवर पडतात, गाण्यांचा क्रम कसाही लावलेला असतो. अल्बम म्हणून त्यांना मी फार गुण देणार नाही. पण आवाज म्हणून सगळ्यांच्या वर ठेवीन. 2004 साली ते गेले, पण गावोगावचे मांडव आजही त्या आवाजाशिवाय उभे राहत नाहीत.

गझलेत सगळ्यात जास्त झिजलेली कॅसेट 'मिर्झा गालिब'ची. गुलजारांची ती मालिका 1988 साली दूरदर्शनवर आली. जगजीत आणि चित्रा सिंग यांनी गालिब गायला. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गझलेतला प्रत्येक शेर स्वतःपुरता पुरा असतो, म्हणून गायक दहा-बारा शेरांतले चार-पाच निवडून गाऊ शकतो. जगजीतजींनी बहुतेक सोपे, लगेच पोचणारे शेर घेतले. फारसीनं जड झालेला, स्वतःवरच हसणारा, देवाशी हुज्जत घालणारा गालिब बराचसा बाहेर राहिला. सुरांच्या गोडव्यात त्याचा तिखटपणाही उतरला. हे माझं मत उर्दूच्या जाणकार मित्रांना पटतं. पण मग मी त्यांना विचारतो, पोखर्णीच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या पोराला गालिब दुसऱ्या कुणी आणून दिला असता? त्या कॅसेटनंतर मी दीवान शोधत गेलो. जो अल्बम तुम्हाला पुस्तकापर्यंत नेतो, त्याचे दोष मोजताना हात आखडता घ्यावा.

शेवटची एक परदेशी वाट. नुसरत फतेह अली खान यांनी कॅनडाच्या मायकेल ब्रुक या गिटारवाल्याबरोबर 1990 साली 'मस्त मस्त' हा अल्बम केला. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. रात्रभर चालणारी कव्वाली ऐकत मोठा झालेल्या मला हा अल्बम आधी अजिबात रुचला नाही. कव्वालीला वेळ लागतो. एकच ओळ वीस वेळा म्हटल्यावर एकविसाव्या वेळी ती उघडते. इथं पाच-पाच मिनिटांत सगळं आटोपतं, आणि बहुतेक ठिकाणी शब्दच नाहीत, नुसती सरगम आणि आलाप. कवीला शब्द नसले की चोरी झाल्यासारखं वाटतं. पण काही वर्षांनी पुन्हा ऐकला, तेव्हा उलट वाटलं. शब्द काढून घेतल्यावरही जे उरतं, ते काय असतं? आपल्या कवितेत ते आहे का? हा प्रश्न अजून माझ्यापाशीच आहे.

इतकी मतं दिली, आता माझी एक चूकही सांगतो. अम्माचं माहेर गंगाखेडकडचं, जनाबाईच्या गावाजवळचं. ती जात्यावर मराठीतच ओव्या म्हणायची. पहिली ओवी देवाला, मग जनाबाईला, मग आईबापाला, मग भावाला, शेवटी लेकरांना. अब्बांनी एका पहाटे टू-इन-वन जात्यापाशी नेऊन साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरून घेतली होती. 1990 साली मी कॉलेजात होतो. रात्री रेडिओवर मुशायरा लागला, कोरी कॅसेट सापडेना, आणि घाईत मी नेमकी तीच घातली.

रेकॉर्डचं बटण दाबलं की फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग नवा आवाज उमटवणाऱ्या हेडवरून. जुनं काही शिल्लक राहत नाही. हे होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारीक टिकल्या असत. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दबतच नसे. विकत आणलेल्या कॅसेटींच्या टिकल्या मोडलेल्याच यायच्या. घरच्या कॅसेटच्या आम्ही मोडल्या नव्हत्या.

अम्मा रागावली नाही. मी म्हणालो, पुन्हा म्हण, पुन्हा भरून घेऊ. तोवर गावात गिरणी आली होती आणि जातं कोपऱ्यात उभं केलेलं होतं. ती बसली, दोन ओव्या म्हणाली आणि थांबली. म्हणाली, "हातात खुंटा असल्याबिगर पुढची वळ याद येत नाही, बाबा." मग ते राहूनच गेलं. 2003 साली ती गेली.

माझ्या कवितासंग्रहाची पानं लावताना आजही मी तोच क्रम धरतो: आधी कृतज्ञता, मग थोर माणसं, मग घर, शेवटी लेकरं. अल्बम कसा बांधावा हे मी तिच्याकडून शिकलो आणि तोच पुसून बसलो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामाची वाट पाहत प्रत्येक घरानं बसायला नको होतं, हे मला उशिरा उमगलं.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. मग त्याच्याच मोबाईलवर 'जैत रे जैत' लावून दिलं आणि म्हणालो, हात लावायचा नाही. मधे दोनदा त्याचं बोट उचललं गेलं, पण तो थांबला. तुम्हीही एखाद्या रविवारी एक अल्बम निवडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, लावलेल्या क्रमानं ऐका. आवडला नाही तर तसं खुशाल म्हणा, पण पुरता ऐकून म्हणा. आणि घरात कुणी ओवी, पाळणा, नात, भारूड म्हणणारं म्हातारं माणूस असेल तर आजच मोबाईल त्यांच्यापुढं ठेवा, भरून घ्या आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा. मोबाईलला मोडून ठेवायच्या टिकल्या नसतात.