सीतेची आसवे कशी ओळखावी

भाद्रपदाच्या सुमारास भाजे गावावरून चढून गायमुख खिंडीतून लोहगडवाडीकडे वळले असता, कातळावरून जेथे पाणी अखंड झिरपत असते व मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, तेथे जांभळ्या-निळ्या चिमुकल्या फुलांचे ताटवे दृष्टीस पडतात. हीच सीतेची आसवे होत. शास्त्रज्ञ या कुळास युट्रिक्युलेरिया म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाच्या मुळाशी लहान पखालीचा अर्थ आहे. ही पखाल कोठे असते, ते पुढे सांगू.

प्रथम फूल पाहावे. त्यास दोन ओठ असतात. वरचा आखूड, खालचा पसरट, आणि खालच्याच्या मुळाशी आसवांसारखे दोन पांढरे डाग. मागे टोकदार शुंडिका असते. शेजारीच तेरडा फुललेला असतो व शुंडिका त्यासही असते, म्हणून नवशिका येथे हमखास फसतो. परंतु तेरड्याचे खोड रसाळ व पाने ठळक. येथे दोऱ्यासारखा नुसता दांडा, पाने जणू नाहीतच. शिवाय फुलाखालची हिरवी दले मोजावी. ती दोनच भरली, तर आमच्या मते शंकेस जागा उरत नाही.

या वनस्पतीस खरी मुळे नसतात. चिखलात बारीक तंतू पसरतात व त्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या लागतात. हीच ती पखाल! वनस्पती पिशवीतील पाणी बाहेर काढून टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराशी असलेल्या केसांस सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला, की दार आत उघडते आणि सेकंदाच्या सुमारे एक हजारांश भागात पाण्यासह तो जीव आत खेचला जातो. डार्विनने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथात या पिशव्यांचे वर्णन केले; परंतु जीव स्वतःच डोके खुपसून आत शिरतात, असा त्याचा समज होता. कातळावरील मातीत नत्र फार थोडे; ती उणीव ही शिकार भरून काढते.

तळ्यांतील भावंडे निराळी. त्यांची फुले पिवळी व पिसांसारखा पसारा पाण्याखाली तरंगता असतो. दांड्यावर फुगीर तरंड्यांचे चक्र दिसल्यास ती स्टेलॅरिस जाती; चक्र नसल्यास बहुधा ऑरिया. डासांच्या अळ्याही यांच्या पिशव्यांत सापडतात.

पिशवी पाहण्याच्या हौसेने रोप मात्र उपटू नये. कातळावरील ही रोपे एका पावसाळ्याचीच सोबती. पाणी आटण्यापूर्वी बी पिकून मातीत पडले, तरच पुढील वर्षी तेथे फुले येतात. भिंग घेऊन ओणवे व्हावे आणि हिरवी दले मोजावी.