स्लॉथांच्या वंशावळीचे दप्तर

ब्यूनस आयरेसजवळ लुहान नदीच्या काठी सापडून माद्रिदच्या राजसंग्रहालयात उभारलेल्या हत्तीएवढ्या सांगाड्याची, प्रत्यक्ष हाडे न पाहता केवळ चित्रांवरून परीक्षा करून, पॅरिसच्या जॉर्ज कूव्ह्ये या शरीरशास्त्रज्ञाने १७९६ साली असा निर्णय दिला की, हा लुप्त प्राणी झाडांना उलटे लोंबकळणाऱ्या आजच्या स्लॉथांचा भाऊबंद होय. आणि त्यास ‘मेगाथेरियम अमेरिकॅनम’ असे नाव दिले. निर्णय अचूक होता. परंतु पुढे अमेरिका खंडात अशी हाडे मुबलक निघू लागली, तेव्हा वय, लिंग व प्रदेश यांमुळे एकाच जातीत केवढी तफावत पडते याचा हिशेब न मांडता, जबड्याच्या एखाद्या तुकड्यावरूनही नव्या जातींची नोंद होऊ लागली.

सस्तन प्राण्यांची जात ठरविताना अभ्यासकांची भिस्त दंतवल्कावरील उंचवट्यांवर असते. स्लॉथांच्या दातांस दंतवल्कच नसते आणि ते जन्मभर वाढत व झिजत राहतात, त्यामुळे हा मातबर साक्षीदार येथे निम्मा मुका होतो. मग उरतात दातांचा आडवा छेद, कवटीची ठेवण आणि घोट्याचे हाड. पाऊल कडेवर टेकून चालणाऱ्या या लुप्त भूचर स्लॉथांत ते हाड विशेष बोलके असते.

तुकड्यांवरून जात ठरविण्याचा एक नमुना पाहा. ब्राझीलमधील लागोआ सान्ताच्या गुहांतील लहानशा दातांवरून पीटर लुंड या डॅनिश संशोधकाने १८४२ मध्ये एक जात वर्णिली. ते दात पोरवयाच्या प्राण्याचे होते. प्रौढांचे प्रचंड सांगाडे मात्र दरम्यान निरनिराळ्या नावांनी दप्तरी दाखल झाले. अखेर १९९५ मध्ये कास्तोर कार्तेल व जेरार्दो दे इउलिस यांनी ही बहुतेक नावे रद्द ठरवून सर्वांस एकाच जातीत गणले, आणि सर्वांत आधीचे नाव ग्राह्य धरणाऱ्या अग्रक्रमाच्या नियमानुसार सहा मीटर लांबीच्या त्या प्राण्यास बालकाच्या दातांवरून पडलेले ‘लॉरिलार्डी’ हेच नाव कायम झाले. नियमाचा हा विनोद मला मोठा मार्मिक वाटतो.

हाडांच्या साक्षीस खरा धक्का बसला तो २०१९ मध्ये. आजचा दोन बोटांचा स्लॉथ मेगॅलोनिक्स या लुप्त भूचर स्लॉथाच्या कुळातला, ही हाडांवरून रूढ झालेली समजूत होती. कोलॅजेन या प्रथिनाच्या व प्राचीन जनुकद्रव्याच्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी तो मायलोडॉन या दुसऱ्या लुप्त भूचर स्लॉथाच्या जवळचा ठरविला, आणि मेगॅलोनिक्सचा शेजार तीन बोटांच्या स्लॉथास दिला. तथापि उष्ण, दमट प्रदेशांत जनुकद्रव्य फारसे टिकत नाही; तेथील बहुतेक जातींचा फैसला अद्यापि घोट्याच्या आणि जबड्याच्या हाडांवरच करावा लागतो.